चौपन्न खाचा

जबलपूरवर लिहा, असं जुन्या वर्कशॉपमधली दोघंतिघं मला कधीपासून सांगतायत. त्यांना भेडाघाट हवाय, धुवांधार हवाय, सदर बाजारातली खव्याची जिलबी हवीय. ते सगळं पुन्हा केव्हातरी. आज त्या पोस्टिंगमध्ये मी विकत घेतलेल्या गाडीबद्दल लिहितो. गाडीचे फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेत, कौतुकही केलंय. पण तिच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

फेब्रुवारी २००० ची गोष्ट. रविवार होता. चेतक स्कूटरवर मुलीला पुढे उभी करून मी गढ्याच्या बाजूला उगाच भटकत होतो. एका जुन्या घराच्या अंगणात कडब्याची गंजी होती आणि त्या गंजीतून एक मोटारीचा दिवा बाहेर बघत होता. मोठा, गोल, पत्र्याच्या वाडग्याएवढा. मी स्कूटर थांबवली. जवळ जाऊन पाहिलं तर बंपरला शेळी बांधलेली, मागच्या सीटच्या जागी कोंबडीने अंडी घातलेली, आणि रेडिएटरवर तो ओळखीचा निळा लंबगोल, त्यावर फोर्डची सही.

मी मूळचा ईएमईचा, म्हणजे फौजेतला मिस्त्रीच. टायरचा रिम पाहून गाडी ओळखायची खोड. चाकं एकोणीस इंची, रेडिएटरची चौकट स्टेनलेस स्टीलची. म्हणजे मॉडेल ए, १९३० किंवा १९३१. चार दरवाजे, काचा नाहीत, वर कापडी हूडच्या वाकवलेल्या पट्ट्या. म्हणजे फेटन, आपण जिला टूरर म्हणतो ती. हेन्री फोर्डने १९२७ च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली आणि चार वर्षांत अठ्ठेचाळीस लाखांहून जास्त विकली. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातल्या कारखान्यातून निघत, आणि आपल्याकडच्या बहुतेक तिथूनच आलेल्या.

घरातून सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ बाहेर आले. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळा मोहल्ला चाचा म्हणायचा, मीही तेच म्हणायला लागलो.

“फोर्ड है साहब, हमारे बाबूजी की. मंडला चलती थी, टॅक्सी.”

मंडल्याला रेल्वेने जायचं तर तेव्हा नैनपूरवरून छोट्या लाइनचा वळसा. सरळ रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत. त्यामुळे अशा टॅक्सीला गिऱ्हाईक होतं. चाचांचे वडील १९६२ पर्यंत ती चालवत होते. मग क्रँकशाफ्टचं बेअरिंग गेलं आणि गाडी अंगणात उभी राहिली ती कायमची.

“बेचेंगे?” मी विचारलं.

चाचांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “चलाओगे कि सजाओगे?”

“चलाऊंगा.”

“तो पैंतीस हजार. और जिस दिन चले, एक चक्कर हमें भी.”

पस्तीस हजार म्हणजे माझा दोन महिन्यांहून जास्तीचा पगार. सौ. ने त्याच रकमेचं रंगीत टीव्ही आणि वॉशिंग मशीन असं गणित मांडून ठेवलं होतं. ती गाडी बघायला आली, कोंबडी बघून परत गेली, आणि संध्याकाळी म्हणाली, “घ्या. पण घरात पार्ट आणायचे नाहीत.” हा नियम सहा दिवस टिकला.

आमच्याकडे एक शब्द आहे, बीईआर. दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेला की गाडीला तो शिक्का बसतो आणि ती लिलावाच्या रांगेत जाऊन उभी राहते. तोवर निदान दोनेकशे गाड्यांच्या कागदावर मी तो शिक्का मारून सही केली असेल. ही गाडी कुणीही माझ्यासमोर आणली असती तर पाच मिनिटांत मारला असता.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशीच ठरवली. सरकारी वर्कशॉपचा एक नट, एक लिटर तेल, एका जवानाचा एक तास या गाडीला लागणार नाही. हाताखाली अख्खं वर्कशॉप असताना हे पाळणं किती अवघड असतं ते माझ्या जातीच्या लोकांना कळेल. गाडी ठेवली गोरखपूर बाजाराच्या मागे एका सुतार मिस्त्रीच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, महिना तीनशे रुपये भाड्याने.

जबलपूरला असं काम काढणं हे नशीबच. तिथे व्हेइकल फॅक्टरी आहे. शक्तिमान ट्रक आणि जोंगा तिथेच बनायच्या. तोफांच्या गाड्यांची फॅक्टरी आहे, ओतकामाचा कारखाना आहे, आर्मीचं बेस वर्कशॉप आहे. अशा गावात गल्लीगल्लीत निवृत्त हात बसलेले असतात. बायकोशी भांडून कंटाळलेले, कुणीतरी काम घेऊन यावं याची वाट बघणारे.

इंजिन जाम होतं. चारही सिलिंडरमध्ये रॉकेल आणि डिझेल अर्धं अर्धं ओतून महिनाभर ठेवलं. रोज संध्याकाळी जाऊन पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने टिचकी मारायची. एकविसाव्या दिवशी तिसरा पिस्टन केसभर हलला, तेव्हा मी शेडमध्ये एकटाच ओरडलो. मिस्त्रीची बायको पोळ्या टाकून बाहेर आली.

मॉडेल एच्या इंजिनाबद्दल थोडं सांगतो. चार सिलिंडर, ३.३ लिटर, आणि ताकद फक्त चाळीस अश्वशक्ती. कॉम्प्रेशन इतकं कमी की जवळजवळ कसलंही पेट्रोल चालतं. पेट्रोलचा पंप नाही. टाकी डॅशबोर्डच्या मागे, आपल्या गुडघ्यांच्या वर, तिथून पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरमध्ये उतरतं. ब्रेक चारही चाकांना, पण तेलाचे नाहीत, लोखंडी सळ्यांचे. इलेक्ट्रिक सहा व्होल्टचं आणि अर्थ पॉझिटिव्हला. डोकं लावून, हात काळे करून, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येईल अशी गाडी. फक्त एका गोष्टीत ती अडवते. तिच्या बेअरिंगला आजच्यासारखे तयार शेल नसतात. ब्लॉकमध्येच व्हाइट मेटल ओतून बेअरिंग घडवावी लागतात.

ते काम येणारा माणूस शोधायला मला पाच महिने लागले. सापडला घमापूरला. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. सगळे उस्ताद म्हणायचे. मी ब्लॉक दाखवला तर त्यांनी बेअरिंगच्या जागेवरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाइस साल बाद किसी ने पूछा.”

एका रविवारी पहाटे चारला काम सुरू झालं. ब्लॉक आधी तापवायचा, नाहीतर ओतलेला धातू चिकटत नाही. मग कल्हई करतात तसा आतून टिनचा हात. मधे सारख्या जाडीचा लोखंडी दांडा बसवायचा आणि त्याला मेणबत्तीची काजळी धरायची, म्हणजे धातू दांड्याला धरत नाही. कढईत कथील, अँटिमनी आणि तांब्याचं मिश्रण वितळत होतं. माझ्याकडे तापमान मोजायचं यंत्र होतं, बाजारातून आणलेलं, मोठ्या हौसेने. उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. देवदारच्या खोक्याची एक वाळकी काडी कढईत बुडवली. काडी तपकिरी झाली, पेटली नाही. “अब,” म्हणाले. आणि एका दमात, हात न थांबवता ओतलं. थांबलं की त्या जागी सांधा राहतो आणि हजार किलोमीटरवर बेअरिंग तिथेच फुटतं. तिन्ही मेन बेअरिंग तशी ओतली. पुढे तीन रविवार निळा रंग लावून क्रँकशाफ्ट फिरवायचा, जिथे निळं उमटेल तिथे स्क्रेपरने केसभर खरडायचं, पुन्हा फिरवायचा. शेवटच्या दिवशी क्रँकशाफ्ट एका बोटाने फिरला आणि सोडल्यावर जिथल्या तिथे थांबला. उस्तादांनी घेतले चारशे रुपये. मी हजार पुढे केले तर सहाशे परत दिले, रागावून.

बाकीचे पार्ट मिळाले ते आश्चर्याने. अमेरिकेत या गाडीचे प्रेमी इतके आहेत की गॅस्केट, पॉइंट, फायबरचा टायमिंग गिअर, सगळं अजून नवीन बनतं. न्यू जर्सीचा आतेभाऊ त्या वर्षी लग्नाला आला तो बायकोच्या साड्यांच्या घड्यांमध्ये टायमिंग गिअर घालून. कस्टमवाल्याने विचारलं हे काय, तर म्हणाला शिलाई मशीनचं चाक.

सप्टेंबर २००१ मध्ये आम्ही बॉडी चेसिसवरून उचलली. दहा माणसं, दोन बांबू. या गाडीचा चेसिस नंबर बॉडीखाली झाकलेला असतो, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. वायर ब्रशने घासला, खडू चोळला, तर आकडा उमटला. आरसी बुकशी ताडून पाहिला. जुळला. त्याच दिवशी चेसिसच्या मागच्या टोकाला चार भोकं दिसली, कारखान्यातली नव्हेत, हाताने पाडलेली. कशाची ते कळेना. रात्री झोपेत उलगडलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं, तेव्हा आपल्याकडे कितीतरी गाड्या कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भट्टीचं पिंप बांधायचं. तिची ती भोकं. ती बुजवायची नाहीत, असं मी डायरीत लाल शाईने लिहून ठेवलं. जुन्या गाडीवर तिचा इतिहास असतो वगैरे दोन वाक्यंही लिहिली. स्वतःवर खूश होतो मी.

तेरा डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. पराक्रमचा हुकूम निघाला आणि चार दिवसांत मी राजस्थानकडे जाणाऱ्या मिलिटरी स्पेशलमध्ये होतो. आधी वाटलं महिनाभर. ते झाले दहा महिने. कुटुंब जबलपूरलाच क्वार्टरमध्ये राहिलं आणि गाडी मिस्त्रीच्या शेडमध्ये, बॉडी एकीकडे, चेसिस दुसरीकडे.

वाळवंटात त्या दहा महिन्यांत आम्ही काय केलं, ते सगळं लिहिता येणार नाही. एवढंच सांगतो की रोज संध्याकाळी माझ्याकडून एक आकडा जायचा. किती गाड्या उभ्या, किती पळत्या. त्या आकड्यासाठी एका ट्रकचा गिअरबॉक्स दुसऱ्याला, दुसऱ्याचा डिफरन्शियल तिसऱ्याला. रेती बेअरिंगमध्ये जाते, फिल्टरमध्ये जाते, डाळीत जाते. कुणी विचारलं, साहेब हे दुरुस्त करू की बदलू, तर उत्तर एकच, बदल. वेळ नाही. दिवसातून चाळीस वेळा मी तो शब्द उच्चारत असेन.

जानेवारीत सौ. चं पत्र आलं. मुलीच्या परीक्षा, गॅसचा नंबर, आईच्या गुडघ्याचं, आणि शेवटी गाडीचं. मिस्त्री लाकूडकाम करायला लागलाय. या गाडीची बॉडी पत्र्याची असली तरी पायाखालच्या फळ्या, सीटचा सांगाडा, हूडच्या पट्ट्या लाकडाच्या असतात. तिने लिहिलं होतं: “मिस्त्री विचारतो, ड्रायव्हरच्या सीटखालची सागाची फळी एका बाजूने वाळवीने खाल्लीये, बदलू का? म्हणतो तिला खालून खाचा पाडलेल्या आहेत, कसल्या ते कळत नाही.”

मी उत्तर दिलं. ते पत्र तिने ठेवलंय, म्हणून नेमके शब्द सांगू शकतो. “मिस्त्रीला सांग, कुजलेलं सगळं बदल. विचारत बसू नकोस.”

ऑक्टोबर २००२ मध्ये परत आलो. रंगाचं काम राहिलं होतं. खरवडताना पाच थर निघाले, सगळ्यात खाली गडद निळा, तोच पुन्हा दिला. मडगार्ड काळे. जानेवारी २००३ च्या एका सकाळी बॅटरी जोडली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि बटण दाबलं. तिसऱ्या वेळेला इंजिन लागलं. मॉडेल एचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, जात्यावर कुणीतरी घाई न करता दळत बसलंय असा. उस्तादांना रिक्षाने आणलं होतं. त्यांनी ब्लॉकला लाकडी दांडकं लावलं, दुसरं टोक कानाला. बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. मिस्त्रीची बायको आरतीचं ताट घेऊन आली. सौ. ने पाच किलो पेढे वाटले, वॉशिंग मशीन न आणता.

पुढच्या रविवारी चाचांना बोलावलं. वचन होतं ना.

ते आले धोतर-कोट घालून, डोक्यावर टोपी. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दिव्याला हात लावला, फुटबोर्डला लावला. मी म्हटलं, “बैठिए चाचा, पहले आप, स्टिअरिंग पे.” ते बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले. मग डावा हात तिथेच राहिला आणि उजवा खाली गेला. सीटच्या पुढच्या कडेखाली. त्यांची बोटं त्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, सरावाने, न बघता. पुन्हा उलटी आली. थांबली.

“नई लगाई?” त्यांनी विचारलं.

“जी, पुरानी को दीमक लगी थी.”

“अच्छा,” म्हणाले. पुन्हा एकदा हात फिरवला. “रंदा अच्छा मारा है.”

मिस्त्री शेडच्या दारात उभा होता. त्याला माझ्याआधी कळलं. पुढे आला आणि चाचांना म्हणाला, “चाचा, उसमें निशान थे. मैंने पुछवाया था.” मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, “एक बित्ता ही खराब थी साहब. जोड लग सकता था. पर आपका हुकुम था, सब बदलो.”

“फळी कुठेय?” मी मराठीतच विचारलं, इतका गडबडलो होतो. तरी त्याला समजलं. त्याने अंगणातल्या कोपऱ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी जानेवारीत थंडी खूप होती. सगळं जुनं लाकूड शेकोटीत गेलं होतं.

चाचांनी त्या दिवशी चक्कर मारली नाही. “आज नहीं साहब, घुटना दुखता है,” म्हणाले. चहा घेतला आणि सायकल रिक्षा बोलवून गेले. मी काही विचारलं नाही, विचारायची हिंमत झाली नाही. खाचा कसल्या होत्या ते मला दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन बसल्यावर कळलं.

चाचांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मंडल्याकडच्या एका मालगुजाराकडे ते ड्रायव्हर होते. १९४१ च्या अखेरीस मालगुजाराने ही गाडी नऊशे रुपयांना काढली आणि वडिलांनी ती सावकाराकडून कर्ज काढून घेतली. महिन्याला पंचवीस रुपये, चौपन्न महिने. युद्धाचे दिवस, पेट्रोल कुपनवर. कोळशाची भट्टी बांधून गाडी चालवायची, चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायची. हप्ता दिला की सावकार आपल्या वहीत लिहायचा. वडील घरी येऊन सीटखालच्या फळीला पटाशीने एक खाच पाडायचे. वही सावकाराकडे, खाचा आपल्याकडे.

“गिनती हमने उसी पे सीखी,” चाचा म्हणाले. “स्कूल बाद में गए. बाबूजी हमको सीट के नीचे हाथ डलवाते थे, बोलते थे, बता कितने.”

१९४६ च्या पावसाळ्याआधी शेवटचा हप्ता दिला. सावकाराची वही शेहेचाळीस म्हणत होती. आठ महिन्यांचे दोनशे रुपये बाकी, नाहीतर गाडी द्या. सावकाराची माणसं अंगणात आली. वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी सीटची गादी काढली आणि सावकाराच्या म्हाताऱ्या मुनीमजींना म्हणाले, खाली हात घाला आणि मोजा. मुनीमजींना वाकता येईना. मग तेरा वर्षांच्या पोराला सांगितलं, तू मोज, मोठ्याने. चाचांनी एक ते चौपन्न मोठ्याने मोजले, साऱ्या मोहल्ल्यासमोर. मुनीमजी घरी गेले, रात्रभर वह्या चाळल्या आणि सकाळी आठ हप्ते दुसऱ्याच कुणाच्या खात्यात सापडले. मुद्दाम की चुकून, ते चाचांना आजही माहीत नव्हतं.

मी काय बोलणार होतो? मी मिस्त्रीला म्हटलं होतं, नव्या फळीवर तशाच खाचा पाडता येतील का. तो म्हणाला, “बना दूं साहब, पता भी नहीं चलेगा.” हे मी चाचांना सांगितलं. ते हसले. खरंच हसले, रागावून नव्हे.

“कर्जा तो चुक गया साहब. अब किस बात के निशान?”

मी उठताना ते म्हणाले, “आपने पूछा नहीं, हमने बताया नहीं. बराबर हो गया.” बरोबर झालं नव्हतं. मला विचारलं गेलं होतं, पत्रातून, शेवटच्या ओळीत. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. आज लिहितोय.

आमच्या कामात एक सवय असते. कुठलीही गाडी उघडायच्या आधी तिचे फोटो काढायचे, म्हणजे जोडताना चुकत नाही. तेव्हा रोलचा कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा रोल. फोर्डचे मी चार रोल काढले होते, सगळे धुतले नव्हते, पैसे लागतात म्हणून. रात्री ट्रंक उपसली. निगेटिव्ह दिव्यासमोर धरून एकेक पाहिली. सीटचे सहा फोटो होते, पाच वरून काढलेले. एक मात्र खालून होता, सीटच्या बोल्टसाठी काढलेला, कॅमेरा जमिनीवर ठेवून. त्यात एका कडेला फ्लॅश पडला होता आणि तिथे फळीची ती कड दिसत होती. सदरमधल्या स्टुडिओतून मोठा करून आणला. भिंगाने मोजलं. अकरा खाचा स्पष्ट. बाराव्यापासून सावली, मग काळं.

फोटो खाकी पाकिटात घालून पुढच्या रविवारी गेलो. या वेळी गाडी त्यांच्या दारात नेली. चाचा तयार होऊन ओट्यावरच बसले होते, तीच टोपी. गुडघ्याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

नागपूर रस्त्याने तिलवाऱ्यापर्यंत गेलो. या गाडीचे तिन्ही गिअर साध्या दातांचे, डबल क्लच मारावा लागतो. मला ती सवय ट्रकवर लागलेली, पण एकदा चुकलो आणि गिअर करकरला. चाचा पुढेच बघत म्हणाले, “बाबूजी होते तो झापड पडता.” रस्त्यावर लोक थांबून बघत होते. एक स्कूटरवाला जोडपं बराच वेळ बाजूने आलं. चाचांनी त्यांना राजासारखा हात केला. चाळीसच्या वर मी गाडी नेली नाही. सळ्यांच्या ब्रेकवर माझा अजून पुरता विश्वास नव्हता.

तिलवारा घाटावर, नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे गाडी लावली. पाणी संथ होतं. मी पाकीट दिलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. फोटो बराच वेळ नुसता धरला. मग उजव्या हाताची तर्जनी कडेवर ठेवली आणि मोजायला लागले, ओठांतल्या ओठांत. एक, दो, तीन. बोट प्रत्येक खाचेवर टेकत होतं. अकरापर्यंत मी मनात बरोबर मोजत होतो. अकराच्या पुढे फोटोत काहीच नव्हतं, पण त्यांचं बोट थांबलं नाही. त्याच अंतराने, त्याच गतीने ते काळ्या भागावरून सरकत राहिलं. शेवटी कागद संपला तेव्हा बोट फोटोच्या बाहेर, त्यांच्या धोतरावर होतं, आणि ते मोठ्याने म्हणाले, “चौवन.”

फोटो पाकिटात घालून पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

सूर्य खाली आला होता. सहा व्होल्टच्या दिव्यांवर अंधारात गाडी चालवायची माझी तयारी नव्हती. बॅटरी दमली होती, बटण दाबल्यावर नुसतं टक् झालं. हँडल मारावं लागणार होतं. ते काढायला मी खाली उतरलो, गाडीच्या तोंडाशी जाऊन वाकलो. या गाडीत ठिणगीची दांडी आगाऊ राहिली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. घाईत मी ती तशीच खाली सोडली होती. काचेतून बघितलं तर चाचा स्टिअरिंगकडे कलले होते. त्यांनी दांडी वर सारली आणि मला मान हलवून खूण केली. मी हँडल फिरवलं.